उपासाची चित्रं

आधीच सांगून टाकते, ती जिल मला मुळीच आवडली नव्हती. स्पीच थेरपिस्ट म्हणून आली आणि माझ्या नवऱ्यापुढं बालवाडीतली असावीत तशी चित्रं मांडून बसली. मांजर, बादली, छत्री. ज्या माणसानं साउथहॅम्प्टनमधल्या निम्म्या म्हाताऱ्यांची मोडलेली हाडं जागेवर बसवली, त्याला ही विचारणार की यातली बादली कुठली. मी तोंडानं काही बोलले नाही, पण चेहऱ्यावर आलंच असणार. तुझ्या चेहऱ्याला झाकण नाही, असं हे नेहमी म्हणायचे.

हे म्हणजे डॉक्टर पद्माकर. हाडांचे डॉक्टर. लग्नानंतर वर्षभरात आम्ही नागपूरहून इथं इंग्लंडला आलो आणि इथलेच होऊन बसलो. दोन हजार आठच्या ऑक्टोबरमध्ये बागेतली पानं गोळा करता करता हे खाली बसले ते उठलेच नाहीत. स्ट्रोक. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि शब्द गेले. हातापायाचं मी कसंबसं गिळलं. पण हा माणूस बोलण्यावर जगायचा, पोस्टमनला दारात अर्धा तास उभा करून ठेवायचा, त्याचं बोलणं जावं हे काही मला सोसेना.

शब्द गेले म्हणजे सगळे गेले नाहीत, तीच तर गंमत. गंमत कसली, रडं. बारीकसारीक शब्द गेले आणि मोठे तेवढे राहिले. कढई गेली, पातेलं गेलं, वाटी गेली, भांडं राहिलं. चिमणी गेली, कावळा गेला, पक्षी राहिला. इंग्रजी तर जवळपास सगळंच पुसलं गेलं. पूर्वी लॅटिनमधली नावं घडाघडा म्हणणारा माणूस खिडकीतल्या गुलाबाकडं बोट करून म्हणायचा, "झाड." आणि मग माझ्याकडं बघायचा, बरोबर ना, म्हणून. मी म्हणायची, बरोबर.

जिलनं मला समजावलं. डोक्यात शब्द कपाटात ठेवल्यासारखे असतात म्हणे. वरच्या फळीवर मोठं नाव, खालच्या फळ्यांवर त्या नावात मोडणाऱ्या वस्तू. यांच्या खालच्या फळ्या रिकाम्या झाल्यात, वरची शाबूत आहे. शिवाय कुठली गोष्ट कशाचा भाग, चाक गाडीचं, कडी दाराची, हा हिशेब वेगळ्या कपाटात असतो आणि ते यांचं धड असावं असं तिला वाटत होतं. मी मान हलवली. मला पटलं होतं, पण मी ते तिला कळू दिलं नाही.

कारण वरच्या फळीवर माझंही नाव जाऊन बसलं होतं. मला हे "बाई" म्हणायला लागले. सिस्टर पण बाई, चहाची ट्रॉली ढकलणारी पण बाई, मी पण बाई. प्रमोदिनी म्हणून हाक नाही, बायको नाही, अगं नाही. उभा जन्म एकत्र काढून मी त्या वॉर्डातल्या बायकांच्या घोळक्यात जाऊन पडले. खोटं कशाला बोलू, मी टॉयलेटमध्ये जाऊन रडले होते.

आता उपासाचं सांगते. यांना ॲडमिट केलं त्याच दिवशी मी उशाशी उभी राहून बोलले, "तुम्ही घरी येईपर्यंत मी धान्याला शिवणार नाही." बोलायचं होतं देवाला. पण वॉर्डात देव कुठं शोधत बसणार, म्हणून यांच्याकडं बघून बोलले. डोळे मिटलेले होते. यांना ऐकू गेलं नसणार असं मी धरून चालले. तेव्हापासून माझं साबुदाणा, बटाटा, दाणे, खजूर, केळं आणि दूध एवढ्यावर चाललं होतं. डबा घेऊन मी दुपारी बसनं यायची आणि यांच्यासमोर बसून खायची. मला डायबेटीस आहे. पूर्वी माझ्या एकादशीला यांची टिंगल ठरलेली असायची, तुझा देव शुगर तपासत नाही, मला तपासावी लागते. आता टिंगल करणारं कुणी नव्हतं, त्यामुळं उपास बिनबोभाट चालला होता.

एकदा वॉर्डात मला जरा गरगरलं. बसमध्ये जागा मिळाली नव्हती, उभी राहून आले होते, एवढंच. सिस्टरनं खुर्चीत बसवून ज्यूस दिला. हे पलंगाच्या कठड्यावर डाव्या हातानं थाडथाड मारत होते आणि "बाई, बाई" करत होते. बिचारे घाबरले, मला वाटलं. मी म्हटलं, "अहो, काही झालं नाही, शांत व्हा." ते शांत झाले नाहीत.

नोव्हेंबर संपत आला तशी वॉर्डानं विचारणा सुरू केली, आता पुढं काय. आमचा अनय बेसिंगस्टोकला असतो, कॉम्प्युटरमध्ये. जन्म इथला. मनानं सोन्यासारखा आहे, पण मराठी लंगडी आणि निर्णय झटपट. तो म्हणाला, "आई, बाबाला केअर होममध्ये ठेवूया. चांगला जागा आहे, तुझ्या बसच्या रूटवर आहे. घरी तुझ्याकडून नाय होणार."

"माझ्याकडून काय होणार नाही ते तू मला सांगू नकोस," मी म्हटलं. "तुझे लंगोट मी धुतलेत."

"तेव्हा तुझी गुडघा चांगली होती."

"गुडघा चांगला होता."

"तेच ना," तो म्हणाला.

माझा उजवा गुडघा कामातून गेलेला. बदलून घे, बदलून घे म्हणून हेच माझ्या मागं लागले होते आणि मी आज करू उद्या करू करत होते. घरात झोपायची खोली वर, बाथरूम वर. हे सगळं मला दिसत होतं. मी आंधळी नव्हते. पण माझं माणूस मी परक्यांच्या हाती देणार नव्हते, मग जिना मला बसून चढावा लागला तरी बेहत्तर.

पण ठरवणार कोण, हा प्रश्न होता. नवीन कायदा आला होता. पेशंटला आपल्याबद्दलचा निर्णय समजून घेता येतो का, ते आधी तपासायचं. येत असेल तर तो म्हणेल तसं. येत नसेल तर डॉक्टर, सोशल वर्कर आणि घरचे मिळून त्याच्या भल्याचं काय ते ठरवणार. म्हणजे अनय आणि ते सगळे एकीकडं, मी एकटी एकीकडं, निकाल उघड होता. मला एकच वाट होती. यांना समजतं हे सिद्ध झालं पाहिजे. एकदा ते झालं की हे घरच म्हणणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

तपासणी जिल करणार होती. घरच्यांनी दुभाषाचं काम करायचं नाही असा नियम. मराठी दुभाषा मागितला तर यमुनाबेन म्हणून एक गुजराती बाई पाठवली. ऑफिसच्या लेखी आम्ही सगळे इंडियन, त्यात पुन्हा पोटभेद करायला त्यांना वेळ नव्हता. यमुनाबेन गोड होती, पण तिनं हिंदीत विचारलेलं यांना समजेना. शेवटी जिल म्हणाली, चित्रांवर भागवू, चित्रांना भाषा लागत नाही. मला मागं खुर्चीत बसवलं आणि एक शब्द बोलायचा नाही म्हणून सांगितलं. मला.

आधी तिनं माणसांची चित्रं दाखवली. पोलीस, लहान मुलगा, चष्मा लावलेली म्हातारी. मग खाण्याची. गाजर, कोबी, मटार, बटाटा, ब्रेड, भात, मासा, केळं, खजूर, शेंगदाणे, दूध. खुणेनं सांगितलं, जे जे एकत्र जातं ते ते एकत्र ठेवा. भाज्या एकीकडं, फळं एकीकडं, एवढं तर नर्सरीतलं पोरही करेल.

यांनी डाव्या हातानं सावकाश एकेक चित्र उचललं. बटाटा घेतला, बाजूला ठेवला. त्यावर शेंगदाणे. मग केळं, खजूर, दूध. बाकी सगळं, गाजर, कोबी, भात, मासा, एकत्र करून लांब सारलं. आणि शेवटी आधीच्या चित्रांतली ती चष्मेवाली म्हातारी शोधून काढली आणि बटाट्याच्या गठ्ठ्यावर ठेवली. मग मान वर करून आमच्याकडं बघत राहिले.

जिलनं चित्रं मिसळून पुन्हा मांडली. यांनी पुन्हा तेच केलं. म्हातारीसकट. जिलचा चेहरा पडला. बाहेर आल्यावर हळू आवाजात म्हणाली की, कुठली गोष्ट कशात मोडते हेच डॉक्टरांचं बिघडलेलं दिसतंय, वरची फळीसुद्धा राहिली नसावी. अशा माणसाला घर काय आणि केअर होम काय, यातला फरक तोलता येईल असं मला लिहिता येणार नाही. सॉरी.

मी खाली मान घालून ऐकत होते. डोळ्यांपुढं तो गठ्ठा होता. बटाटा, दाणे, केळं, खजूर, दूध. आणि एकदम लख्ख उजेड पडला. हसावं की रडावं कळेना. "अगं बाई," मी तिला मराठीतच म्हटलं, आणि मग इंग्रजीत सुरू झाले. कॉरिडॉरमध्ये येणारे जाणारे थांबून बघायला लागले इतका माझा आवाज चढला होता.

मी तिला सांगितलं, तुझं कपाट तुझ्या घरचं आहे. आमच्या घरी बटाटा भाजीत मोडतो ते रोजच्या दिवशी. उपासाच्या दिवशी तो गाजराला ओळख देत नाही. त्या दिवशी तो दाण्यांच्या पंगतीला बसतो, साबुदाण्याच्या, खजुराच्या. या गठ्ठ्याला आम्ही उपासाचं म्हणतो. चार वर्षांच्या पोरालाही आमच्यात ते सांगता येतं. याचा डॉक्टरकीशी संबंध नाही, तब्येतीशी नाही, हे असं आहे म्हणून आहे.

"म्हणजे उपास असताना खाता?" तिनं विचारलं.

"खातो. जेवत नाही."

तिला ते पचेना. मी पर्समधून डबा काढला, खिचडी दाखवली. जेवण म्हणजे धान्य, मी म्हटलं. भात, पोळी, भाकरी. हे पोटभर खाल्लं तरी माणूस जेवला असं होत नाही. हे खाणं आहे, जेवण नाही. तिनं एक चमचा खाऊन बघितला आणि चांगलं आहे म्हणाली. खरं सांगायचं तर तिथं मला ती पहिल्यांदा बरी वाटली. दुसरी कुणी असती तर मान हलवून निघून गेली असती.

मग तिनं विचारलं, "आणि ते म्हातारीचं चित्र?"

"ते चुकून गेलं असेल," मी म्हटलं. "टेबलावर पडलं होतं."

"दोन्ही वेळा?"

"अगं, एवढा मोठा स्ट्रोक झालाय त्यांना," मी म्हटलं. जिलनं डब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "तुम्ही किती दिवस हेच खाताय?" मी म्हटलं, माझं सोड, तपासणी परत कधी ते सांग.

पुढच्या आठवड्यात ती वेगळी चित्रं घेऊन आली. या खेपेला भाग आणि अख्खी वस्तू. चाक, कपाचा कान, कात्रीचं पातं, दाराची कडी. गाडी, कप, कात्री, दार. यांनी भराभर लावून टाकलं, वर कपाचा कान जरा वाकडा काढलाय म्हणून बोटानं दाखवलं. मग माणसाच्या शरीराचं एक मोठं चित्र आणि त्याचे तुकडे. कोपर, मनगट, घोटा, खांदा. तिथं तर यांचा चेहराच बदलला. पाठ सरळ झाली. एकेक तुकडा असा ठेवला की जिल बघत राहिली. शेवटी गुडघा उरला. तो यांनी चित्रावर ठेवला नाही. हातात धरून वाकले, या वेळी जिलनं मला बाजूलाच बसू दिलं होतं, आणि माझ्या उजव्या गुडघ्यावर नेऊन टेकवला.

मी हसले. जिलही हसली. "डॉक्टर आहेत ना," मी म्हटलं, "दुखणं कुणाचं ते विसरलेले नाहीत." हे हसले नाहीत. चित्र तसंच दाबून धरून बसले. मी आपली मनात म्हणत होते, पास झाले, पास झाले.

खरंच झाले. जिलनं लिहून दिलं की डॉक्टरांना समजतं, फक्त विचारायची पद्धत त्यांची हवी. आता शेवटची मीटिंग. त्या दिवशी सकाळी मी घरी यांची गादी खाली बैठकीच्या खोलीत आणवली, शेजाऱ्यांच्या पोरांकडून. खुर्ची खिडकीशी लावली. डाळ-तांदूळ काढून ठेवले. घरी यायला अजून चार दिवस गेले असते हे मला कळत होतं, पण हात थांबेनात.

मीटिंगला कन्सल्टंट, म्हणजे वॉर्डाचे मोठे डॉक्टर होते, जिल होती, अनय रजा काढून आला होता. आणि खरीखुरी मराठी दुभाषी होती, शिल्पा नावाची तरुण मुलगी, पुण्याची. नवरा अनयच्याच गावात नोकरीला. तिनं यांना वाकून नमस्कार केला तेव्हा यांचे डोळे भरले. मी मागच्या खुर्चीत. पुन्हा तोच नियम.

जिलनं टेबलावर दोन मोठे फोटो ठेवले. एक आमच्या घराचं दार, एक केअर होमचं. मग छोटे फोटो यांच्या हातात दिले. शिल्पानं सांगितलं, "काका, कुठली गोष्ट कुठली आहे, आणि कुठं असावी, ते तुम्ही ठेवा. घाई नाही."

यांनी खुर्चीचा फोटो उचलला, घराच्या फोटोपाशी ठेवला. देवघर, घरापाशी. बाग, घरापाशी. माझा जीव हलका हलका होत गेला. जिना, तोही घरापाशी. मग माझा फोटो आला, माझ्याच हातानं जिलला दिलेला, त्यात मी पोपटी साडीत आहे. तो बराच वेळ हातात धरला. अंगठा फिरवला त्यावर. आणि घरापाशी ठेवला, अगदी दाराला लागून.

उरला त्यांचा स्वतःचा फोटो. तो उचलला आणि केअर होमपाशी ठेवला.

मी उठलेच. "नाही नाही, चुकलंय," मी म्हटलं. कन्सल्टंटनी हात वर केला. अनयनं माझा दंड धरून मला बसवलं. जिलनं फोटो गोळा केले, दोन दारांच्या जागा बदलल्या, पुन्हा दिले. पुन्हा तसंच. खुर्ची, देवघर, बाग, जिना, मी, सगळं घराचं. हे तेवढे तिकडं.

शिल्पा पुढं वाकली. "काका, घर नको का तुम्हाला?"

"घर," हे म्हणाले. मग पुष्कळ वेळ शब्द शोधला. "हवं."

"मग तुम्ही तिकडं का?"

यांनी जिलच्या खोक्याकडं हात केला. जिलनं खोका पुढं सरकवला, सगळी जुनी चित्रं त्यात होती. हे शोधायला लागले. आधी गुडघा काढला आणि माझ्या फोटोवर ठेवला. मग बटाटा. मग शेंगदाणे, केळं, खजूर, दूध, एकावर एक, पोपटी साडीतली मी दिसेनाशी होईपर्यंत. मग त्या गठ्ठ्यावर पंजा ठेवला आणि मान वळवून माझ्याकडं बघितलं.

"जेव," हे म्हणाले.

इतके दिवस मी त्या गठ्ठ्याला उपासाचं म्हणत आले, सगळ्या हॉस्पिटलला ओरडून सांगितलं, आणि तो गठ्ठा उपासाचा नव्हताच. माझा होता. चष्मेवाली म्हातारी मी होते. पहिल्या दिवशी डोळे मिटलेल्या माणसानं माझं बोलणं शब्दन्‌शब्द ऐकलं होतं. मग रोज दुपारी माझा डबा बघितला होता, माझं लंगडणं बघितलं होतं, मला गरगरलं ते बघितलं होतं. नाव विसरले होते माझं. बाकी काहीच विसरले नव्हते.

कन्सल्टंटनी शिल्पाकडून हळूहळू आणखी तीन-चार गोष्टी विचारून घेतल्या. उत्तरं मान हलवून, बोट दाखवून, पण एकही इकडची तिकडं झाली नाही. मग ते म्हणाले की डॉक्टरांना हा निर्णय पूर्ण समजलेला आहे, त्यांनी तो घेतलेला आहे आणि आता तो बदलायचा अधिकार कुणालाही नाही. कुणालाही म्हणताना ते माझ्याकडं बघत होते. मला जे सिद्ध करायचं होतं ते मी सिद्ध केलं होतं.

सगळे बाहेर गेले. अनय माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला, त्याला रडू येत होतं आणि मराठी येत नव्हती. मी त्याला म्हटलं, जा, गाडी बघ, दंडाचं तिकीट लावतील. तो गेला.

तेवढ्यात जेवणाची ट्रॉली आली. यांच्यापुढं ताट ठेवलं, भात आणि कसलीशी पिवळी करी, वर चार मटार. हॉस्पिटलवाल्यांना वाटतं आम्हाला ते आवडतं. यांनी डाव्या हातानं ताट माझ्याकडं ढकललं.

"अहो, मी बोलून बसले आहे," मी म्हटलं. "तुम्ही घरी येईपर्यंत."

यांनी मान हलवली. नाही. येणार नाही, असं ते मला सांगत होते, मऊ चेहऱ्यानं, पूर्वी पेशंटच्या बायकांना सांगायचे तसं. आणि चमचा उचलून माझ्या हातात दिला.

मी भांडले. वॉर्डात बसून, हळू आवाजात, पण भांडले. तुम्ही मला न विचारता ठरवलंत, मी म्हटलं. मी जिना चढले असते. मी सगळं केलं असतं. मी काय म्हातारी झाले का. यांनी सगळं ऐकून घेतलं, एकदाही डोळे वळवले नाहीत. माझं बोलून संपलं तेव्हा पुन्हा म्हणाले, "जेव."

भात आत कच्चा होता आणि करीला मीठ नव्हतं. हे ताटाकडं बघत होते, घास घास मोजल्यासारखे. मी मटारासकट सगळं संपवलं.